दिवसाला एक मिलिमीटर

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मी क्राकोवच्या त्या व्हायोलिनच्या दुकानात शिरले, ती निव्वळ एका शब्दापायी. शब्दकोशाच्या कामात माझ्या वाट्याला 'नेर्व' आला होता — आम्हा पोलिश लोकांचा नसेसाठीचा, म्हणजे मज्जातंतूसाठीचा शब्द. लॅटिनमधून आलेला. तिथे आधी त्याचा अर्थ होता स्नायूची दोरी, धनुष्याची दोरी, वाद्याची तारसुद्धा. मला जुनी, आतड्याची तार हाताळून बघायची होती.

"तुम्हीच काढून घ्या," दुकानदार म्हणाला. सेवेरिन त्याचं नाव. उजव्या हाताला हे भलंमोठं बँडेज. "पटाशी निसटली. तळहातातली नस तुटली. डॉक्टरांनी शिवलीय, पण हे बोट ठार बधिर आहे."

"म्हणजे माझ्या शब्दाचा जिताजागता दाखलाच की तुम्ही."

"वा. इथे माझा धंदा बुडतोय, आणि बाईंना दाखले सुचताहेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र हसत होता... नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, म्हणाला. बोटाच्या टोकाला पोचलीच, तर जूनमध्ये. नाही पोचली, तर लाकडाची जाडी बोटाला कळणार नाही. मग व्हायोलिन बनवणं कायमचं बंद.

मी थक्क झाले. आत, अंधारात, कुणी वाट न दाखवता एक तंतू रोज एवढासा पुढे सरकतो... आणि मी तीन वर्षं नुसते अर्थ लिहीत बसलेय.

मग मी दर शुक्रवारी जायला लागले. झाडाच्या पानावरच्या शिरेलाही आम्ही नेर्वच म्हणतो. मे महिन्यात मी लिंडेनचं कोवळं पान त्याच्या बोटावरून फिरवायची. तो डोळे मिटून बसायचा.

"कळलं?"

"नाही. पण फिरवत राहा ना... म्हणजे, राहा हो तुम्ही."

जूनमध्ये माझा नामदिन आला — कॅलेंडरात माझ्या नावाचा दिवस, आमच्याकडे तो वाढदिवसासारखा साजरा होतो. सेवेरिन गुलाब घेऊन आमच्या कचेरीत हजर. मी मोजले — सहा. आमच्याकडे सम संख्येनं फुलं देतात ती मेलेल्यांना.

"मला पोचवायलाच आलात वाटतं?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशीच्या बागेतले आहेत. जाड हातमोजे घालून कापले, मोजायला चुकलो. थांबा—" त्यानं घाईघाईनं एक गुलाब उपसला, आणि तसाच थांबला.

"काय झालं?"

"बोग्ना," तो हळूच म्हणाला, "टोचलं."

बधिर बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला होता. आम्ही दोघं त्याकडे बघत राहिलो. मी तो हात धरला, बोटावर ओठ टेकले.

"हे कळलं?"

"कळलं."

"आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे, ते?"

"ते फेब्रुवारीतच कळलं होतं," तो म्हणाला. "पण बोट बधिर राहिलं असतं, तर तुला कुठल्या तोंडानं मागणी घातली असती... आता घालतो."