पलंगामागची धूळ

सेल्माबाईंनी बिजागरीवरची धूळ बोटाएवढ्या नळीत ओढून घेतली, नळीवर चिठ्ठी डकवली आणि त्या जिन्याकडे वळल्या. शुभदा बोरस्ते त्यांच्या मागोमाग पायऱ्या चढू लागली. घर घ्यायचं म्हणजे भिंतीवर टकटक करायची, नळ सोडून बघायचा, छपराकडे मान वर करून उभं राहायचं, एवढं तिला ठाऊक होतं. सरकारी तपासनीस असलेल्या या बाई मात्र भिंतींकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. त्यांना हवी होती फक्त धूळ.

"पलंगामागची सगळ्यात बोलकी," बाई पोर्तुगीजमध्ये म्हणाल्या आणि शुभदाच्या कानातल्या दुभाष्यानं ते लगेच मराठीत सांगितलं. "तिथं झाडू पोचत नाही. वर्षानुवर्षांचे थर मिळतात."

धूळवाचन आता इथं कायद्यानं सक्तीचं झालं होतं. जिवंत असलेलं काहीही सतत झडत असतं: कातडीचे कण, केस, किड्याचे पंख, परागकण. त्या प्रत्येक कणात डीएनए असतो, आणि सूटकेसएवढं यंत्र तो चाळीस मिनिटांत वाचतं. लाकूड पोखरणारे किडे आहेत का, भिंतीत बुरशी आहे का, अंगणातल्या वेलींच्या मुळांना कीड आहे का, सगळं कळतं. माणसांची फक्त संख्या सांगतात. घेणाऱ्यांची लाळ आधीच तपासलेली असते, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या धुळीची वजाबाकी करता येते.

लाळेचं दुसरंही एक कारण होतं. पोर्तुगालमधल्या डोरू नदीच्या खोऱ्यातली ही द्राक्षांची गावं ओस पडत चालली होती. बाहेरून येऊन वेली सांभाळणाऱ्यांना सरकार घर सवलतीत देई आणि राहण्याचा परवानाही. पण ज्यांचं रक्ताचं माणूस त्या घरात आधीच राहिलेलं आहे, त्यांना ही सवलत नव्हती. तेही यंत्र तपासून घेई.

शुभदाचा नवरा हेमराज खाली मालकिणीशी, ग्रासाबाईंशी बोलत होता. दिंडोरीच्या बागांत वीस वर्षं कलमं बांधलेला माणूस. चार महिन्यांपूर्वी ग्रासाबाईंनीच त्याला पत्र पाठवलं होतं की घर विकायचं आहे, वेली जुन्या आहेत, जाणकार हात हवा. आपलं कलमांवरचं भाषण त्यांनी कुठंतरी ऐकलं असणार, असं हेमराजला वाटलं आणि तो हरखून गेला. ग्रासाबाई सहासष्ट वर्षांच्या. नवरा गेल्यावर हे जिन्याचं घर झेपेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्या चर्चजवळच्या लहान घरात राहायला गेल्या. गेले चार दिवस बोरस्ते त्यांच्याचकडे उतरले होते. कोबी-बटाट्याचं गरम सूप त्या स्वतः वाढत, आणि शुभदा जेवत असताना तिच्याकडे एकटक बघत राहत. त्यांच्या भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन होते. शुभदानं विचारलं नाही.

खालच्या खोलीत यंत्र वाजलं.

"किडे नाहीत. उत्तरेच्या भिंतीत थोडी बुरशी. एक मांजर," सेल्माबाई वाचत गेल्या आणि थांबल्या. "तुमची मुलगी याआधी इथं राहिली आहे का?"

शुभदा हसली. "आम्हाला मूल नाही."

बाईंनी यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. शुभदानं चौदा वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. पडद्यावर काय आहे ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एक व्यक्ती, स्त्री. शुभदाशी अर्धं साम्य, हेमराजशी अर्धं. हीच आकृती तिनं फळ्यावर कितीदा काढली होती: अर्धं आईकडून, अर्धं वडिलांकडून. खाली लिहिलं होतं, थरांनुसार वास्तव्य सुमारे पंधरा वर्षं.

"चुकलंय तुमचं यंत्र," ती म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं.

सेल्माबाई पुन्हा वर गेल्या आणि नवी नळी भरून आणली. पुन्हा चाळीस मिनिटं. शुभदा स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहिली. ओट्याचा दगड थंडगार होता. तिनं दोन्ही तळवे त्यावर दाबून धरले. हेमराज जिन्याच्या पायरीवर बसला होता, मान खाली घालून. दुसऱ्यांदा तीच आकृती उमटली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की इतका वेळ हेमराज एकदाही म्हणाला नव्हता, यंत्र चुकलं म्हणून.

"हेमराज."

त्यानं वर पाहिलं नाही.

"अरे, बोल ना!"

"दोन उरले होते," तो म्हणाला. "तुला आठवतंय."

तिला न आठवून कसं चालेल? अठरा वर्षांपूर्वी, इस्पितळात. शरीराबाहेर घडवलेले पाच गर्भ, पुरते दिसतही नाहीत इतके लहान. तीन तिच्या पोटात ठेवले, तिन्ही गेले. उरलेले दोन गोठवलेले होते. आणखी सोसवणार नाही, म्हणून ते नष्ट करायचे असं दोघांनी ठरवलं. तिनं सही केली आणि अर्ज हेमराजकडे दिला. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं डोक्यावरून आंघोळ केली होती, सुतकात करतात तशी. कुणालाही न सांगता.

"खूण मला करायची होती," हेमराज म्हणाला. "नष्ट, की गरजू जोडप्याला द्या. दोन चौकोन होते, शुभदा. पेन पहिल्यावर टेकवलं आणि... नाही जमलं मला. पुढं काय झालं ते इस्पितळानं कळवलं नाही, मीही विचारलं नाही. रुजले नसतील असंच धरून चाललो."

"अठरा वर्षं?"

"रोज सांगणार होतो."

तिनं ओट्यावरची रिकामी नळी उचलली आणि जमिनीवर आपटली. ती फुटली नाही, घरंगळत दाराशी गेली. दारात ग्रासाबाई उभ्या होत्या, त्यांच्याही कानात दुभाष्या. त्यांनी वाकून ती उचलली.

"तिकडं येऊन दोन्ही मी पोटात घेतले होते," त्या म्हणाल्या. "एकच राहिली. इनेस."

सेल्माबाईंनी आपलं सामान आवरायचं थांबवलं.

"तुम्हाला माहीत होतं," शुभदा म्हणाली. "पहिल्यापासून."

"गर्भ देणाऱ्यांची नावं मागायचा हक्क गेल्या वर्षी मिळाला. मी मागितली. पत्र तीनदा लिहिलं. खरं लिहिलं असतं, तर तुम्ही फाडून टाकलं असतं, नाहीतर धावत आला असता. मला दोन्हीची भीती वाटत होती. घर तर विकायचंच होतं. म्हटलं, घर घेताना माणूस कळतो. चार दिवस बघितलं तुम्हाला. तुम्ही पसंत पडला नसता, तर धूळ वाचायच्या परवानगीवर मी सही दिली नसती. माझं वय झालं, बाई. मागं तिचं कोणी नाही."

"आणि ती? तिला काय माहीत आहे?"

"भारतातून आली, एवढं माहीत आहे. कुणाची ते नाही. घर घ्यायला माणसं आली आहेत, एवढंच तिला सांगितलंय. आठवडाभर शाळेच्या वसतिगृहात असते, शुक्रवारी येते."

आज शुक्रवार होता.

सेल्माबाई खाकरल्या. "मला वाईट वाटतं, पण ही नोंद मला लपवता येत नाही. ज्याची धूळ वाचली आणि नातं सापडलं, त्या व्यक्तीला आज संध्याकाळपर्यंत कळवावं लागतं. पत्र आपोआप जातं. त्याआधी तुमच्यापैकी कुणी सांगणार असेल, तर..." त्यांनी घड्याळ पाहिलं. "दोन तास आहेत."

ग्रासाबाई रडू लागल्या, आवाज न करता. हेमराज उठून उभा राहिला आणि पुढं काय करायचं ते न कळून तसाच राहिला. शुभदाला त्याचा गळा धरावासा वाटत होता. आणि त्याच क्षणी, तितक्याच जोरानं, तिला हेही कळत होतं की त्यानं ठरल्याप्रमाणं केलं असतं, तर पलंगामागच्या धुळीत काहीच सापडलं नसतं.

अंगणातून पावलं वाजली. गावातल्या दगडी हौदात वाइनसाठी द्राक्षं तुडवण्याचे ते दिवस होते. दारात एक सावळी, उंच मुलगी येऊन थांबली. चपला हातात, पाय गुडघ्यांपर्यंत जांभळे. शुभदाला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. तिनं खाली, पायांकडेच पाहिलं. अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब होतं. शुभदानं आपले पाय पटकन मागं ओढले, चोरी पकडली गेल्यासारखे.

मुलीनं रडणाऱ्या ग्रासाबाईंकडे पाहिलं, मग या दोघा अनोळखी माणसांकडे. कपाळाला आठी पडली. ती थेट शुभदालाच काहीतरी म्हणाली. दुभाष्यानं एक क्षण घेतला आणि आपल्या सपाट आवाजात ते कानात सांगितलं:

"तुम्ही नको म्हणालात का?"