झाकलेलं भिंग

यंत्राच्या भिंगावर झाकण होतं.

तपासनीस बाई समुद्रातल्या मनोऱ्यावर उभ्या राहून ते बघत राहिल्या. उपग्रह वरून समुद्राचा रंग टिपतो. तो खरा की खोटा, हे अशा मनोऱ्यांवरची यंत्रं पाण्याकडे बघून ठरवतात. या यंत्राचे आकडे रोज येत होते, उपग्रहाशी तंतोतंत जुळणारे. आज सकाळीही आले होते.

यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ मागच्या आठवड्यात बुडून गेला. मनोऱ्यावरून परतल्यावर धक्क्यावर पाय घसरला, अशी पोलिसांची नोंद. त्याला होडी बांधताना पाहिलं होतं ते फक्त त्याच्या मेहुण्याने. किनाऱ्यावरच्या कचेरीतून आकडे पुढे पाठवायचं काम या मेहुण्याचंच.

कठड्याला तंत्रज्ञाची हत्यारांची पिशवी लटकत होती. आत पाने, पुसायची फडकी, चष्मा आणि होडीची किल्ली.

बाई पिशवी घेऊन त्याच्या घरी गेल्या. बायको भाजी निवडत होती. शेजारी तिचा भाऊ, तोच मेहुणा, बसला होता. पिशवी बघूनही तिचे हात थांबले नाहीत. ही ते कुठे विसरत नसत, एवढंच ती म्हणाली.

बाईंनी मेहुण्याला विचारलं, "होडीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक भाऊजींकडे, एक माझ्याकडे."

"त्यांची किल्ली मनोऱ्यावर राहिली. मग होडी धक्क्याला कुणी आणली?"

त्याने पिशवीकडे पाहिलं.

बाई हळू आवाजात सांगत गेल्या. यंत्र कधीच बिघडलं होतं. किनाऱ्यावरची कचेरी बंद पडू नये म्हणून मेहुणा उपग्रहाचेच आकडे उचलून मनोऱ्याचे म्हणून पाठवायचा. तंत्रज्ञाला संशय आला. त्याने मुद्दाम भिंग झाकलं. झाकलेल्या भिंगातून अंधारच दिसायला हवा. तरी समुद्राचा रंग येतच राहिला. चोरी पकडली गेली. त्याने मेहुण्याला मनोऱ्यावर नेऊन झाकण दाखवलं.

"तुम्ही दोघं गेलात. परत आलात एकटे."

"मी ढकललं नाही," मेहुणा म्हणाला. "झटापटीत ते पडले. मी होडी सुरू केली. त्यांना घ्यायलाच. मग..." तो जमिनीकडे बघू लागला. "मग किनाऱ्याकडे वळवली."

"हाका मारत होते?" बहिणीने विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

बाईंनी पोलिसांना फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. बहिणीने निवडलेली भाजी पातेल्यात टाकली, देठं कागदात गुंडाळली.

"त्यांना चांगलं पोहता यायचं," ती म्हणाली. "म्हणजे बराच वेळ लागला असेल."