पलीकडून लागलेला हात

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मावशी तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातली नाही. ती डोळे तपासते. माणसाला खरंच काय दिसतं आणि काय नुसतं दिसल्यासारखं वाटतं, हे ओळखणं तिचं रोजचं काम आहे.

आणि हो, सुरुवात रात्री झाली नाही. शनिवारची दुपार होती. लख्ख ऊन. मावशीच्या थोरल्या जावेचं अंगण, त्यात उभी असलेली उंच चाकांची जीप, आणि शेजारी फरशीवर दुमडून ठेवलेला एक टेंट.

गाडीच्या टपावर बसवायचा टेंट.

थोरल्या जाऊबाईंना सगळे मास्तरीण म्हणतात. त्यांची गाडी शिकवायची शाळा होती. अर्ध्या शहराने स्टिअरिंग धरलं ते त्यांच्या शिव्या खाऊन. शाळा बंद करून घरी बसल्या आणि त्यांना फिरायचं वेड लागलं. हॉटेल नको, बुकिंग नको. गाडी थांबेल तिथे टपावर झोपायचं.

त्यांच्या यजमानांनी, म्हणजे मावशीच्या भाऊजींनी, कपाळाला हात लावला.

"या वयात टपावर झोपणार? लोक हसतील."

"हसू देत. खालूनच हसतील ना."

मावशी मात्र मास्तरीणबाईंनी 'येतेस का' विचारायच्या आत हो म्हणाली होती. पन्नाशी उलटली तरी घर सोडून, नवरा-मुलं सोडून, तिने स्वतःसाठी एक रात्र बाहेर काढली नव्हती. त्या ट्रिपची तिला कुणाला सांगता येणार नाही एवढी ओढ लागली होती.

टेंट जुना होता. विकणारा स्वतः टेम्पोत घालून घेऊन आला, उतरवला, आणि चहालाही न थांबता गेला.

जीपच्या टपावर मास्तरीणबाईंनी आदल्या दिवशीच दोन आडव्या दांड्या बसवून घेतल्या होत्या. क्रॉसबार. त्यांच्यावर टेंट ठेवायचा आणि खालून पट्ट्या लावून बोल्ट आवळायचे, एवढंच काम. पण टेंट चांगलाच जड. भाऊजी आणि शेजारचे एक जण येणार होते हात द्यायला.

मास्तरीणबाईंना धीर कुठला?

"मागून तिरका लावू, मी ढकलते. तू बाजूने स्टुलावर उभी राहून दिशा दे. सरकेल."

"ताई, भाऊजींना येऊ द्या ना."

"ते येईपर्यंत अंधार पडेल."

मावशी स्टुलावर चढली. गाडीची दुसरी बाजू भिंतीला लागून होती. मास्तरीणबाईंची गाडी भिंतीला अशी लागायची की मधून मांजर जाईल, माणूस नाही.

टेंटचं पुढचं टोक मागच्या दांडीवर टेकलं. मास्तरीणबाईंनी जोर लावला.

हलेना.

पुन्हा जोर. मावशीनेही खांदा लावला. टेंट बोटभर सरकला आणि अडकला. मास्तरीणबाई धापा टाकायला लागल्या. मावशीला वाटलं, आता हा आपल्या अंगावर येणार...

आणि तेवढ्यात तो हलका झाला.

अगदी अलगद. पलीकडून कुणीतरी हात लावल्यासारखा.

मावशीने मान वर केली. टेंटच्या पलीकडच्या कडेवर चार बोटं होती. घट्ट धरलेली. नखं मातीने भरलेली.

हायसं वाटलं तिला. आले एकदाचे भाऊजी.

"भाऊजी, थोडं पुढे घ्या."

"हं," पलीकडून आवाज आला.

टेंट सरकला. दोन्ही दांड्यांवर नेमका, सरळ बसला. बोटं खाली गेली.

"बघ, जमलं की नाही?" मास्तरीणबाई मागून म्हणाल्या. "पुढचा सगळा भार तू उचललास. तुझ्यात एवढी ताकद आहे, मला माहीतच नव्हतं."

"मी कुठे? भाऊजींनी उचलला."

"कुठले भाऊजी?"

तेवढ्यात मास्तरीणबाईंचा फोन वाजला. भाऊजीच होते. टायर पंक्चर झालाय, अजून दुकानातच आहे, म्हणाले.

मावशी स्टुलावरून उतरली. गाडी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत डोकावली.

तिथे तिचा खांदाही धड गेला नसता.

तिने मास्तरीणबाईंना बोटांचं सांगितलं. आवाजाचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऊन लागलंय तुला. पाणी पी."

मावशीने आपल्या बाजूचे बोल्ट पान्याने आवळले. मग भिंतीकडची बाजू मोकळी व्हावी म्हणून मास्तरीणबाईंनी गाडी पुढे घेतली. मावशी पाना घेऊन तिकडे गेली.

बोल्ट आवळलेले होते.

सगळे.

संध्याकाळी भाऊजी आले. त्यांनी एक सैल करायला घेतला. पाना घसरला, बोल्ट जागचा हलला नाही. "पक्कं काम केलंय तुम्ही," ते म्हणाले. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

तुम्ही म्हणाल, तरी गेल्या कशाला? मीही हेच विचारलं. मावशी म्हणाली, "मी तेव्हा नाही म्हटलं असतं ना, तर मला परत कुणी विचारलं नसतं."

रविवारी दुपारी दोघी निघाल्या. सामान डिकीत, मागची सीट रिकामी. शहर मागे पडेपर्यंत मजा चालली होती. मास्तरीणबाई समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा उद्धार करत होत्या, मावशी हसत होती.

घाट सुरू झाला आणि मास्तरीणबाई गप्प झाल्या.

एक वळण. दुसरं वळण. त्यांनी वेग कमी केला.

"काय झालं, ताई?"

"वर वजन आहे."

"टेंटचं असेल ना."

"टेंट बांधलेला आहे. हे वजन हलतंय." त्यांचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. "मी डावीकडे वळले की उजवीकडे सरकतं... आणि मग परत सावरून बसतं. माणूस सावरतो तसं."

मावशीने कान दिला. इंजिनाचा आवाज. वारा. त्याखाली काहीतरी कापडावर घासल्यासारखं...

मास्तरीणबाईंनी मुद्दाम ब्रेक दाबला.

वर काहीतरी घसरत पुढे आलं. दोघींच्या डोक्यावर येऊन थांबलं.

धप्प.

रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. सूर्य मावळला होता, पण अजून दिसत होतं. आसपास चिटपाखरू नाही.

"काहीतरी आत राहिलं असेल," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एखादं जनावर शिरलं असेल. उघडून बघू."

त्यांनी पट्टे सोडले. शिडी ओढली, टेंट उलगडला. शिडीचे पाय मातीत टेकले. मास्तरीणबाई दोन पायऱ्या चढल्या आणि आत टॉर्च मारला.

गादी. कापड. बाकी काही नाही.

"रिकामा आहे," म्हणत त्या खाली उतरल्या. दोघी दोन पावलं मागे सरकल्या.

आणि शिडीची वरची पायरी करकरली.

मग तिच्या खालची.

मग तिच्याही खालची... सावकाश. म्हाताऱ्या माणसासारखं, एकेक पाय टेकत.

शेवटची पायरी वाजली आणि जीप हलली. स्प्रिंगवर वर आली. पाठीवरचं पोतं उतरवल्यावर हमाल ताठ होतो, तशी.

वारा नव्हता. समोर मोकळी माती होती आणि तिच्यावर कुणीच नव्हतं.

"घरी चल," मास्तरीणबाई शेवटी म्हणाल्या.

तो टेंट त्यांनी कसा मिटला, त्या जाणोत. मावशी डावीकडचा पट्टा बांधत होती, तेव्हा उजवीकडून मागचं दार लागल्याचा आवाज आला. ताई काहीतरी ठेवत असतील. ती पुढे येऊन बसली. मास्तरीणबाईही येऊन बसल्या. गाडी वळवली.

घाट उतरताना गाडी अगदी नीट चालली. वर काही हललं नाही. मास्तरीणबाईंनी सुस्कारा सोडला. "गेलं बाई," मावशी म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

तेवढ्यात...

टिंग. टिंग. टिंग.

समोर लाल दिवा लागला होता. सीटबेल्टचा. मावशीने आपला पट्टा चाचपला. लावलेला होता. मास्तरीणबाईंचाही होता.

दिवा मागच्या सीटचा होता.

"ताई... तुम्ही मागे काही ठेवलंत?"

"नाही."

"मग मघाशी दार..."

"मला वाटलं तू लावलंस."

टिंग. टिंग. टिंग.

मागे वळून बघायची मावशीची छाती झाली नाही. मास्तरीणबाईंनी आरशात पाहिलं नाही. नजर रस्त्यावर ठेवली. आणि मग, आयुष्यभर शिकाऊ लोकांना जसं सांगितलं तशाच आवाजात, शांतपणे म्हणाल्या,

"मागे जे कोणी बसलंय, त्यांनी पट्टा लावा."

क्षणभर काही नाही.

मग मागे पट्टा ओढल्याची सरसर झाली. आणि...

खट.

दिवा विझला.

अंगणात गाडी थांबली, त्या उतरल्या, आणि दारं उघडी टाकून घरात गेल्या. भाऊजी गाडी बंद करायला गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "मागचा पट्टा कशाला लावून ठेवलाय? कुणीच तर नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी टेंट विकणाऱ्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही 'काय सांगता' म्हणाला नाही. शेवटी एवढंच विचारलं,

"म्हणजे ते आता तुमच्याकडे आहे ना? नक्की?"

आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. त्यानंतर त्याचा नंबर लागला नाही.

टेंट काढला. या वेळी बोल्ट नुसत्या बोटांनी फिरले. जीप मात्र मास्तरीणबाईंनी विकली नाही. का, ते त्या सांगत नाहीत. मावशी त्या गाडीत परत बसलेली नाही.

मी बसले. मागच्या महिन्यात. मला स्टेशनवर जायचं होतं, मास्तरीणबाई म्हणाल्या, चल, सोडते. पुढच्या सीटवर त्यांची पर्स होती, म्हणून मी बॅग घेऊन मागचं दार उघडायला गेले.

"पुढे बस," त्या म्हणाल्या. पर्स उचलून मांडीवर घेतली.

"असू दे ना काकू, मी बसते मागे."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. किल्ली फिरवली.

"मागे जागा नाहीये," म्हणाल्या.

मी काचेतून आत बघितलं. सीट रिकामी होती.

मी पुढे जाऊन बसले. स्टेशन येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही.