गाळात उमटलेली बाई

आपला मुलगा विचारपूस करत नाही, तपासणी करतो, अशी सोजराबाई धोत्र्यांची तक्रार होती. जेवलीस का, असं विचारणारी मुलं त्यांनी पाहिली होती. अंकुश बंगळुरूहून फोन करायचा तो, दुपारची गोळी राहिली ना आई, असा. राहिलेलीच असायची. गुडघा धरला असला की म्हणायचा, आज जास्त लंगडतेस. घरात दुसरं माणूस नाही, मग याला सांगतं कोण? त्यांनी धुणंभांडी करणाऱ्या हौसावर संशय घेतला. तिला नको नको ते बोलल्या, ती काम सोडून गेली, तरी अंकुशला सगळं कळतच राहिलं.

ही नुसती चीड नव्हती. नव्या स्वावलंबन कायद्याप्रमाणे पंच्याहत्तरीपुढच्या एकट्या माणसाला घरात एकटं राहण्याचा दाखला लागे. तो देणाऱ्या समितीकडे अंकुशने अर्ज दिला होता की, आईला विसर पडतो, तिची सोय ज्येष्ठनिवासात करावी. सहा महिन्यांच्या नोंदी जोडत आहे. सुनावणी सोमवारी होती. सोलापुरातलं हे घर सोजराबाईंनी नवऱ्याच्या बरोबरीने विटा रचून उभं केलं होतं. शाळा दुसरीतच सुटली. पण पुढे वीस गवंडी त्यांच्या हाताखाली राबले, आणि त्यांच्या जिभेच्या धाकाने एकाचीही भिंत कधी वाकडी गेली नाही.

दिवाणखान्यात भिंतीला लागून काचेची एक मोठी पेटी होती. शेजारच्या डॉ. नसीम मुलाणीने संक्रांतीनंतर ती आणून ठेवलेली. नसीम विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. पेटीला ती रंगतळं म्हणे. आत तलावातला गाळ, कागदाचे तुकडे, अंड्याचा बलक आणि पाणी. महिन्याभरात गाळातले जीवाणू वाढून काचेला रंग चढले. वर हिरवा, मग गंजासारखा, त्याखाली जांभळा, तळाशी काळाकुट्ट. लोक मासे पाळतात आणि ही बया चिखल पाळते, असं सोजराबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. पण पुढे रोज दुपारी पेटीसमोरच्या बाकावर त्यांची बैठक पडू लागली. चिखल उलटून बोलत नाही, एवढं त्याचं कौतुक त्यांनी नसीमला ऐकवलं होतं.

शुक्रवारी त्यांनी नसीमला बोलावून घेतलं. तुझा चिखल नासला, म्हणाल्या. हिरवा रंग जवळजवळ गेला होता. समोरची काच वरपासून खालपर्यंत जांभळी झाली होती आणि मधोमध एक मोठा डाग मात्र कोरा राहिला होता.

नसीम वाकून बघतच राहिली. इथे ऊन येतं का, तिने विचारलं. उन्हाळ्यात सोलापुरात पडदे उघडे ठेवणारी अजून जन्मायची आहे, असं उत्तर मिळालं.

"म्हणून हिरवे गेले," नसीम म्हणाली. "आपल्याला जो उजेड दिसतो, त्यावर हिरवे जगतात. जांभळ्यांचं तसं नाही, मावशी. तांबड्याच्याही पलीकडे एक उजेड असतो, डोळ्यांना न दिसणारा. चुलीपुढे डोळे मिटून बसलं तरी गाल तापतात ना, त्याच घराण्यातला. हे त्याच्यावर पोसतात. आणि ही जात तर मी निवडून निवडून इतकी हावरी केलीये, की अगदी मंद उजेडही हिला पुरतो."

"मग माझ्या अंधाऱ्या घरात हिला वाढतंय कोण?"

ते नसीमलाही सांगता येईना. मध्ये कोरं का राहिलं, हे सोजराबाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की तिथे तो उजेड पोचत नसणार. काहीतरी आड येतंय.

सोजराबाई चार पावलं मागे सरल्या. कोऱ्या डागाला वर गोल डोकं होतं. डाव्या अंगाला एक गाठ. खाली उतरते खांदे. त्यांचा हात आपोआप डाव्या कानामागच्या अंबाड्याकडे गेला.

"उजेड माझ्या पाठीमागनं येतोय," त्या म्हणाल्या.

तो उजेड कुठून येतो ते शोधायला नसीमला यंत्र आणायचं होतं. सोजराबाईंनी जुन्या पिशवीतून लाईनदोरी काढली, विटांचा थर सरळ ठेवायला गवंडी ताणतात ती. स्वतः रोजच्या जागी बसल्या. नसीमने दोरीचं एक टोक काचेवरच्या अंबाड्याला चिकटवलं, दोरी खऱ्या अंबाड्याला घासून मागच्या भिंतीपर्यंत ताणली आणि खूण केली. दुसरी दोरी उजव्या खांद्यावरून नेली. दोन्ही दोऱ्या भिंतीवर एकाच ठिकाणी येऊन टेकल्या.

तिथे तांदळाच्या कणीएवढा ठिपका होता. सोजराबाईंनी त्यावरून अंगठा फिरवला. दिवाळीत अंकुशने स्वतःची माणसं आणून भिंतींना रंग देऊन घेतला होता.

"गिलावा माझा हाय. ही कणी माझी न्हाई."

नसीमने खालच्या आवाजात सांगितलं की हे कणनेत्र आहे, कणीएवढा कॅमेरा. स्वतःच्या अदृश्य उजेडात अंधारातही बघतं, पण समोर माणूस असेल तेवढाच वेळ. माणसाला न सांगता बसवलं असेल तर त्याच्या नोंदी समितीपुढे रद्दी. उलट बसवणाऱ्यालाच जाब द्यावा लागेल. काढू का, तिने विचारलं. सोजराबाईंनी नको अशी मान हलवली. मग त्यांनी हौसाला फोन लावला. चुकलं असं म्हणायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. उद्यापासून ये, म्हणाल्या, आणि पुढे जरा थांबून, तुझं काही नव्हतं त्यात.

ताणलेल्या दोऱ्या अंकुशने त्या कणीतून बघितल्याच असणार. शनिवारी सकाळी तो दारात उभा होता, दिवाळीनंतर पहिल्यांदा. बॅग खाली ठेवायच्या आधीच बोलू लागला. अर्ज काल रात्रीच मागे घेतला. मागे गॅस चालू राहिला होता, तेव्हापासून झोप उडाली होती; नोकरी सोडून येता येत नव्हतं; सांगितलं असतं तर तू बसवू दिलं नसतंस. यातलं काहीच खोटं नव्हतं, हे सोजराबाईंनाही कळत होतं. गॅस राहिला होता. गोळ्याही राहत होत्या.

"आई, कामात असलो तरी एका डोळ्याने तुझ्याकडेच बघत होतो गं," तो म्हणाला. "सहा महिने तुझ्याजवळच होतो मी."

त्यांनी त्याला पाणी दिलं. पिऊन होईस्तोवर थांबल्या. मग दंडाला धरून पेटीपुढे नेलं आणि कोऱ्या डागावर बोट ठेवलं.

"ही मी. एका जागी इतकं बसलं की चिखलातसुद्धा माणूस उमटतं." बोट काचेवरून बाजूला सरकलं. "आन ही बाकावरची माझ्या शेजारची जागा. हितं तुझ्या त्या डोळ्याच्या उजेडावर जांभळं बघ कसं दाट आलंय. आड यायला कुणी बसलंच न्हाई. नसीम म्हणती, पंधरा दिवस कुणी टेकलं असतं तरी तेवढं कोरं राहिलं असतं."

अंकुशने मागच्या भिंतीवरच्या कणीकडे वळून बघितलं. त्याला विज्ञान समजावून सांगायची गरज नव्हती.

"घरात तुझा उजेड रोज पडत हुता, अंकुश," सोजराबाई म्हणाल्या. "सावली एकदाबी पडली न्हाई."