यंत्राने पान उलटलं

"दरवाजे बंद होत आहेत. कृपया मागे सरका," लिफ्ट म्हणाली.

वकीलबाई आज्ञाधारकपणे मागे सरकली आणि थेट कुणाच्या तरी पायावर उभी राहिली.

"अजून सरकलात तरी चालेल," मागून आवाज आला. "मला दुसरा पायही आहे."

ती गर्रकन वळली. माफी मागायचं राहूनच गेलं, कारण मागचा माणूस अगदी लिफ्टच्याच आवाजात बोलत होता. तोच खर्ज, वाक्याच्या शेवटी तीच ऊब.

"तुम्ही... लिफ्टमध्ये बोलता?"

"मी नाही. माझा आवाज बोलतो, मला न विचारता." तो हसला, पण डोळे काही हसले नाहीत. "म्हणून तर वकील शोधतोय. खालच्या मजल्यांवर सगळ्यांनी हात वर केले. वर एक बाई आहेत म्हणे. परीक्षानळी म्हणतात त्यांना."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. का, ओळखता तुम्ही?"

"रोज आरशात भेटते," ती म्हणाली.

लिफ्ट वर पोहोचेपर्यंत त्याचे कान लालबुंद झाले होते.

नाव पडलं होतं ते तिच्या आधीच्या कामामुळे. वकिलीत येण्यापूर्वी ती ध्वनिशास्त्रज्ञ होती. आता त्या शास्त्रात परीक्षानळीचं काय काम? पण हे वकिलांना कोण समजावणार. तिने घडवलेल्या एका श्रवणयंत्रावर वरिष्ठांनी स्वतःचं नाव लावलं होतं. ती भांडायला गेली, तेव्हा कळलं की शास्त्र येत असलं तरी भांडायचं कसं ते आपल्याला येत नाही. मग ती कायदा शिकली. माणसाच्या डोक्यातून, हातातून, गळ्यातून जे निघतं, तीही त्याची मालमत्ता असते. तिला म्हणतात बौद्धिक संपदा. हल्ली ती पळवायला यंत्रं बसवलेली असतात, आणि त्या यंत्रांच्या मागे लागणं हे तिचं काम झालं.

तो निवेदक होता. एका कंपनीसाठी वर्षानुवर्षं ऑडिओ पुस्तकं वाचायचा. मग कंपनीने बोलणारं यंत्र काढलं आणि त्याला घरी बसवलं. भाचीच्या बोलक्या अस्वलाने त्याच्याच आवाजात शुभ रात्री म्हटलं, तेव्हा त्याला सगळा प्रकार उमगला. कंपनी म्हणत होती, यंत्र दुसऱ्याच हजारो लोकांचं ऐकून शिकलं, यांचा आवाज त्यात नाहीच. जुळला तो योगायोग.

"आणि आपण हरलो तर?" तिने विचारलं.

"मग मी तोंड उघडलं की लोक म्हणतील, कंपनीच्या आवाजात बोलतोय."

हे ऐकून तिने खटला घेतला. एक अट मात्र घातली. "निकाल लागेपर्यंत तुम्ही माझे अशील. फक्त कामाचं बोलायचं."

"बरं. मग कामाचंच विचारतो. तुम्हाला चहात साखर किती लागते?"

"हे कामाचं कसं?"

"वकील जागा राहायला हवा ना."

घरी आईला हे प्रकरण सांगितलं, तर आई उठूनच बसली. "अगं, तो? तो तर मला रोज झोपवतो."

"आई, चारचौघांत असं बोलू नकोस हं."

"पुस्तक वाचून झोपवतो, म्हटलं," आई म्हणाली. "जिंक बाई. आणि जिंकलीस तर घरी आण त्याला."

जिंकायचं कसं, हाच तर प्रश्न होता. दोन आवाज सारखे वाटतात, एवढ्यावर कोर्ट हलत नाही. ती कानाला हेडफोन लावून यंत्राला गोष्टी वाचायला लावत बसे. एक दिवस तिच्या कपाळाला आठी पडली. वाक्याच्या अगदी मध्येच यंत्र थांबलं. बारीकसा "प्च" आवाज, मग किंचित सळसळ, आणि पुन्हा वाचन सुरू. तिथे ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. तिने दुसरी गोष्ट दिली. थोडं वाचून झाल्यावर पुन्हा तेच. एकदा झालं तर अपघात, पण पुन्हा पुन्हा होतं त्याला कारण असतं, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. फक्त कारण सापडत नव्हतं.

निवेदकाला त्या आठवड्यात कुठलंसं छोटं काम मिळालं होतं. ते बघायला ती स्टुडिओत गेली. तो काचेपलीकडे वाचत होता, सगळे वाचतात तसा पडद्यावरून नव्हे, कागदावरून. पान संपलं. त्याने अंगठा ओठांना लावला... प्च. पान उलटलं... सळसळ. आणि वाक्य पुढे चालू झालं.

"नेहमीचंच आहे," ध्वनिमुद्रक तिच्याशेजारी करवादला. "किती सांगितलं, टॅब घ्या. ऐकतील तर शपथ. मग ते कागद वाजलेले सगळे मीच पुसत बसतो. पुस्तक बाहेर पडतं तेव्हा त्यात काही उरत नाही."

"आणि न पुसलेलं मूळ ध्वनिमुद्रण?"

"ते त्या-त्या कंपनीच्या ताब्यात. दुसऱ्या कुणाला ऐकायलाही मिळत नाही."

काचेपलीकडून निवेदकाने खुणेने विचारलं, काय झालं? ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. पुढची ओळ वाचताना तो पहिल्यांदाच अडखळला.

कोर्टात तिने यंत्राला एक गोष्ट वाचायला लावली. प्च. सळसळ. मग कंपनीच्या इंजिनिअरकडे वळून तिने शांतपणे विचारलं, "तुमच्या यंत्राला हात आहेत?"

"नाही."

"त्याच्यासमोर कागद असतो?"

"नाही, अर्थातच."

"मग हे पान कशाचं उलटतंय?"

इंजिनिअरने आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकिलाने छताकडे पाहिलं. मग तिने कंपनीकडून कोर्टात मागवून घेतलेलं मूळ ध्वनिमुद्रण लावलं, त्याशेजारी बाजारातलं पुस्तक लावलं. पहिल्यात सळसळ होती, दुसऱ्यात नव्हती. म्हणजे यंत्र शिकलं होतं ते कंपनीच्या कुलुपातल्या त्याच्याच आवाजावर. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला आणि यंत्राला गप्प करायला सांगितलं. निकालही तसाच आला. त्याचा आवाज त्याचाच. त्याच्या परवानगीशिवाय तो कुठेही वाजणार नाही.

निकालाच्या बातमीने तिचा फोन दिवसभर वाजत राहिला. परीक्षानळी म्हणून हसणारे वकील पेढे मागायला आले. सगळ्यांना वाटेला लावून ती लिफ्टमध्ये शिरली, तर तो आत उभा. आज दोन्ही पाय सांभाळून.

लिफ्ट काही बोलली नाही. नुसती घंटी वाजली.

"खटला संपला," तो म्हणाला. "म्हणजे आता मी तुमचा अशील नाही. तर मला विचारायचं होतं, की तुम्ही..."

तो थांबला. वाक्याच्या अगदी मध्येच.

"पान उलटताय?" तिने विचारलं.

"नाही... पुढचं कुणी लिहूनच दिलेलं नाही."

"मग न वाचता बोला."

त्याने खोल श्वास घेतला. लाखो लोकांना गोष्टी सांगणारा तो आवाज चक्क कापत होता. "मला तुम्ही आवडता. माझ्या पायावर उभ्या राहिलात, तेव्हापासून."

"कामाचं आहे हे?"

"आयुष्याचं आहे."

 ती एक पाऊल मागे सरकली आणि जाणूनबुजून, हलकेच, त्याच्या पायावर पाय ठेवला.

"आई तुला घरी बोलावतेय," ती म्हणाली. त्या "तू"ने त्याचे कान पुन्हा लाल झाले. "पण एक सांगून ठेवते. जेवणं झाल्यावर तिला पुस्तक वाचून दाखवावं लागेल. कागदावरून."

दारं अजून उघडीच होती. बाहेरून दोघं वकील हातातल्या फायली सावरत लिफ्टकडे धावत येत होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, बटण दाबलं आणि आपल्या स्वतःच्या, हक्काच्या आवाजात म्हणाला,

"दरवाजे बंद होत आहेत. कृपया मागे सरका."