चार बटणांची ऊब

जुने संगणक घेऊन, तपासून पुन्हा विकणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक बाई बसत. रेडिओच्या जमान्यापासून यंत्रं उघडत आलेल्या. सगळे त्यांना पारखीबाई म्हणत. त्यांनी कागदावर 'योग्य' लिहिलं की मालक डोळे झाकून विकत, आणि 'अयोग्य' लिहिलं की ते यंत्र संध्याकाळच्या आत भंगारवाल्याकडे जाई. तीस वर्षांत त्यांनी त्या कागदावर एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी एक स्त्री आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात काळा लॅपटॉप.

"गेमिंगचा आहे," ती म्हणाली. "फार भारी नाही, अगदी हलकाही नाही. लेकीनं दोन महिने डोकं खाऊन घ्यायला लावला." मग जरा थांबून, "ती गेली. सात महिने झाले."

पारखीबाईंनी लॅपटॉप दोन्ही हातांनी घेतला. "चार्जर आणलात?"

"आणलाय. वीट आहे नुसती."

"या जातीचा तसाच असतो."

ती किंचित हसली. जाताना दारातून वळली. "घरात असला की बघवत नाही. पण भंगारात नका हं घालू. कुणाच्या तरी हाताखाली राहू दे."

पारखीबाईंनी कामाला सुरुवात केली. पडद्याचे रंग फिके, दहादा धुतलेल्या कपड्यासारखे. बिजागरी डाव्या बाजूला सैल. बॅटरी जेमतेम दोन तास. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि पंखा फिरायला लागला की तोही ऐकू येऊ नये. पण खेळ सुरू केला तर चित्र एकदाही अडखळलं नाही. मेमरी वाढवायला जागा होती. या किमतीत ज्यावर पैसा घालायचा तिथं घातला होता आणि जिथं वाचवायचा तिथं वाचवला होता. पोरीनं डोळसपणे निवडला होता. त्यांनी तसं लिहिलं.

मग तासभर खेळ चालू ठेवून त्यांनी लांबूनच तापमान सांगणारा थर्मामीटर रोखला. मधोमध सेहेचाळीस अंश. उजवीकडे चाळीस. डावीकडची चार बटणं, ज्यांवर बोटं ठेवून खेळतात आणि ज्यांची अक्षरं पुसून गेली होती, ती सदतीस.

लॅपटॉप बंद करून त्या जेवायला गेल्या. दोन तासांनी तो सगळीकडे चोवीस होता, खोलीइतकाच.

ती चार बटणं मात्र सदतीस.

त्यांनी थर्मामीटर टेबलावर रोखला, भिंतीवर रोखला. चोवीस. बॅटरी काढून ठेवली आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सदतीस. मग कीबोर्डच उचकटून वेगळा काढला. खाली काही नव्हतं. एकटा कीबोर्ड टेबलावर पडला होता, ना तार, ना वीज.

सदतीस.

"उन्हात ठेवला असेल तुम्ही," मालक म्हणाले.

"या खोलीत ऊन कुठून आणू? अकरा वर्षं खिडकी मागतेय."

मालक हसले आणि त्यांनी बोट लावलं. हसू ओसरलं. बोट पँटला पुसत ते म्हणाले, "बंद असून गरम म्हणजे भंगार. नियम तुमचाच आहे, बाई. लिहा."

तो नियम खरंच त्यांचा होता. असं एक यंत्र एकदा पेटलं होतं.

मालक बाहेर गेल्यावर त्यांनी डाव्या हाताची बोटं त्या बटणांवर ठेवली. यंत्राची धग कोरडी असते, ती त्यांना झोपेतही ओळखता आली असती. ही तशी नव्हती. थोडी ओलसर होती.

त्यांनी बोटं लगेच काढली नाहीत.

कागदावरचा शेवटचा रकाना तीन दिवस कोरा राहिला. गुरुवारी ती आली, तेव्हा लॅपटॉप पुन्हा जोडून तयार होता.

"गिऱ्हाईक मिळालं?"

"नाही. हा विकता येणार नाही मला."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे भंगारात?"

"बसा जरा. हात ठेवा इथं. डावा."

तिनं हात ठेवला. पारखीबाईंनी पाठ फिरवून स्क्रूच्या डब्या लावायला घेतल्या, ज्या लावलेल्याच होत्या. मालक दोनदा डोकावून गेले. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला.

"मी हा परत नेला तर चालेल?"

"चालेल."

"बिघाड असला तरी?"

पारखीबाईंनी पेन उचललं आणि शेवटच्या रकान्यात 'योग्य' लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. "बिघाड नाहीये," त्या म्हणाल्या. "उशीवर मात्र ठेवू नका. खालून हवा लागते."

जाताना तिनं थर्मामीटर कुठं मिळतो ते विचारून घेतलं.

महिना गेला. एका दुपारी दुकानातला फोन वाजला.

"ताई, मी बोलतेय. लॅपटॉपवाली. परवापासून सदतीसच्या वर जातंय. काल अडतीस, आज साडेअडतीस."

पारखीबाईंनी समोरचं यंत्र बाजूला सारलं. बॅटरी काढा, दूर ठेवा, मी माणूस पाठवते, असं सगळं ओठांवर आलं होतं.

"ओल्या कापडाची घडी ठेवलीय," ती शांतपणे सांगत होती. "पिळून घेतलीय, पाणी आत जायचं नाही. मागच्या वेळी ताप चढला तेव्हा मला कळवलंच उशिरा. पोचले तेव्हा सगळं झालं होतं. या वेळी रजाच टाकलीय मी."

बाहेर मालक कुणाला तरी पडद्याचे रंग समजावून सांगत होते. पारखीबाईंनी आवाज खाली आणला.

"खोकला आहे का?"

"थोडा," ती म्हणाली. "पण कालच्यापेक्षा कमी आहे."