खोटा दात आणि खरा नवरा

तिनं त्याला पाहिलं, त्याच्या आधी त्याचे दात पाहिले होते.

डेंटल लॅबमध्ये काम करणारीच्या वाट्याला माणसं येत नाहीत, साचे येतात. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, ती त्यात प्लास्टर ओतते आणि त्या साच्यावर दाताची नवी कॅप घडवते. ती कॅप पुढे कुणाच्या तोंडात हसते, ते तिला कधीच कळत नाही. पण त्या दिवशी एका पुढच्या दाताचा रंग काही केल्या जुळेना, तेव्हा डॉक्टरांनी पेशंटलाच लॅबमध्ये धाडून दिलं. उंच, सावळा, लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. पाना निसटून थेट दातावर बसला होता.

"दंताजींनी ठाणं हलवलं," तो तोंडावर हात धरून म्हणाला.

"हात काढा. खिडकीपाशी या... आणि हसा."

"उगीचच?"

"कामासाठी."

तो हसला. रंगांची पट्टी त्याच्या ओठांशी धरून ती चांगली दोन मिनिटं उभी राहिली. खरं तर रंग तिला पहिल्या झटक्यातच सापडला होता.

आठवड्यानं तो कॅप बसवून दाखवायला आला. दाखवायला यायची काही गरज नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"एक अट आहे," ती म्हणाली. "हा दात खोटा आहे, हे कुणालाही सांगायचं नाही. माझं काम ओळखू आलं, तर मी हे काम सोडेन."

"आणि मीच सांगून टाकलं तर?"

"तर तुमच्याशी बोलणं सोडेन."

"म्हणजे..." तो हळूच म्हणाला, "तोवर बोलणार आहात तर!"

बोलणं वाढलं, तुम्हीचं तू झालं, त्याला परदेशात नोकरी लागली, दोघांनी लग्न ठरवलं आणि घरात वादळ उठलं. आईबाबा गप्प बसले, पण थोरल्या काकांची जीभ कोण आवरणार? "दात कोरून कधी पोट भरतं का? ही दात घडवणार, तो तुटक्या दाताचा लिफ्टवाला परदेशात वरखाली करणार! महिन्याभरात रडत परत येशील, लिहून ठेव." मग तिनं विवाह नोंदणी कचेरीत जाऊन चार माणसांच्या साक्षीनं सही केली. अकरा दिवसांचा संसार झाला आणि तो नोकरीवर परदेशी निघून गेला. पुढचे दहा महिने तिनं कागदपत्रं जमवण्यात काढले. निघताना काकांनी परतीचं तिकीट हातात ठेवलं — "असू दे. लागेलच."

"हसतील त्यांचे दात दिसतील, काका," एवढं बोलून ती विमानात बसली.

आणि आता, आयुष्यातल्या पहिल्या विमानप्रवासानं पाय सुजलेले, पोटात अन्नाचा कण नाही, अशा अवस्थेत ती परक्या देशाच्या विमानतळावर तपासणीच्या काउंटरपुढे उभी होती. काचेपलीकडे पिकल्या केसांच्या अधिकारी बाई होत्या. दोघींचंही इंग्रजी बेताचंच, त्यामुळे प्रश्न आणि उत्तरं दोन्ही सरळसोट होती.

"लग्नाचे फोटो दोनच?"

"चार माणसं होती. दोन पुरले."

"लग्नानंतर एकत्र किती दिवस राहिलात?"

"अकरा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. अशी कागदावरची लग्नं त्यांनी बरीच पाहिली असावीत. "नवऱ्याच्या शरीरावर काही खूण? जी बायकोलाच ठाऊक असेल?"

गडबडीत तिच्या तोंडून निघालं ते खरंच निघालं. "वरचा, समोरचा, डावा दात. तो त्याचा नाही. मी केलेला आहे."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग बाहेर वाट पाहत असलेल्या नवऱ्याला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि तिला बोटानं गप्प राहायला सांगितलं. इकडचे तिकडचे चार प्रश्न झाले. त्याचा आवाज ऐकून तिचे डोळे भरून आले.

"तुमच्या तोंडात एखादा कृत्रिम दात आहे?" बाईंनी विचारलं.

पलीकडून ठणठणीत उत्तर आलं.

"छे! सगळे माझेच. बत्तीसच्या बत्तीस!"

"नक्की?"

"अगदी शपथेवर!"

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार तरी कुणाकडे करायची? बाईंनी फोन ठेवला आणि पेनाला टोपण लावलं. "दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. त्या बाकावर बसा. संध्याकाळच्या विमानानं तुम्हाला परत पाठवावं लागेल."

परत... काकांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तो समजूतदार, दयाळू 'मी म्हटलं नव्हतं?' तिला कसा सोसला असता? क्षणभर रडू फुटायला आलं होतं, ते तिनं दात आवळून गिळलं.

"मी बसणार नाही," ती म्हणाली.

"काय?"

"त्याला इथे बोलवा. माझ्यासमोर तोंड उघडायला लावा. दात खरा निघाला, तर मी स्वतः विमानात जाऊन बसेन. तोवर इथून हलणार नाही!"

मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. तिनं पिशवीतून सुती रुमालात गुंडाळलेला प्लास्टरचा साचा काढला आणि काउंटरवर ठेवला. दहा महिने तो तिच्या उशाशी होता. वरच्या ओळीत एक डावा दात अर्धा मोडलेला होता. "हे त्याचं तोंड आहे. कॅप बसायच्या आधीचं."

बाई साच्याकडे बघतच राहिल्या. एवढ्या वर्षांत लग्नाचा असा पुरावा त्यांच्यापुढे कुणी ठेवला नव्हता. त्यांनी शिपायाला हाक मारली.

तो आला तो जवळजवळ धावतच, कामावरच्याच कपड्यांत. तिला पाहून त्याचे पाय थबकले. दोघांच्या मध्ये काउंटर होतं, नाहीतर...

"काय बोललास तू फोनवर?" ती मराठीत कडाडली.

"तूच म्हणाली होतीस ना — सांगितलंस तर बोलणं सोडेन?"

"अरे बैला, ते सरकारी बाईंनी विचारल्यावर नाही!"

"हे तू अटीत घातलं नव्हतंस," तो म्हणाला आणि आवाज उतरवून पुढे बोलला, "दहा महिने तुझ्या आवाजावर काढलेत गं. तो गमवायची हिंमत झाली नाही."

तिचा राग लोण्यासारखा पाघळला, पण तिनं ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. "आ कर."

बाई टॉर्च घेऊन वाकल्या. साचा उलटा धरून कोणता दात कुठला, यात त्यांचा गोंधळ झाला. मग त्यांनी वहीतली नोंद न बघता, नुसत्या नजरेनं ओळखायचं ठरवलं. बराच वेळ निरखून त्यांनी बोट दाखवलं. "हा."

"तो त्याचा स्वतःचा," ती ताठ मानेनं म्हणाली. "माझा शेजारचा."

बाईंनी तिनं घडवलेल्या दातावर नखानं टकटक केली. साच्यातल्या मोडक्या दाताशी ताडून पाहिलं. मग त्या हसल्या, आणि पासपोर्टवर शिक्का पडला.

बाहेर कोवळं ऊन होतं. त्यानं तिची बॅग घेतली, ती खाली ठेवली आणि आधी तिलाच जवळ घेतलं.

"अट तर तूच मोडलीस," तो तिच्या केसांत पुटपुटला. "आता बोलणं सोडणार?"

"नाही सोडणार. जन्मभर डोकं खाईन तुझं. चालेल?"

"धावेल!"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. काकांचा मेसेज होता — "अडवलं का गं? परतीच्या तिकिटाचं बघू?"

तिनं त्याला शेजारी ओढलं, "कामासाठी हस," म्हणाली आणि दोघांचा फोटो काढला. त्यांच्या लग्नाचा तिसरा फोटो. तो पाठवून तिनं खाली लिहिलं, "पोचले. तिकीट रद्द करा."

मग काकांचं उत्तर उमटलं. "बरं. पण यातला तो तुटका दात कुठला गं? चष्मा लावून पाहिलं, तरी सापडेना."

तिनं ते दोनदा वाचलं, त्याला दाखवलं आणि फोन पिशवीत टाकला. उत्तर काही दिलं नाही. अट म्हणजे अट.